तुमची नाही काका, पेशंटची!

संपादक महोदय, नमस्कार,

२१ सप्टेंबरला अल्झायमर दिन असतो म्हणून दरवर्षी पेपरात अर्धं पान येतं, अक्रोड खा, शब्दकोडी सोडवा, चालायला जा, सगळं बरोबरच आहे हो, पण ज्याच्या घरात हा आजार सहा वर्षं ठाण मांडून बसलाय त्याने काय करायचं यावर एक ओळ नसते. २०२३ च्या एका अभ्यासात देशात साठीपुढचे अंदाजे ८८ लाख लोक डिमेन्शियाचे (म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, अल्झायमर त्यातलाच) आहेत असा अंदाज होता, मग त्यांच्यापायी घरात अडकलेले आम्ही किती असू ते कोणी मोजावं?

मी ६९ वर्षांचा, मुलुंडला राहतो. संध्याकाळी पाच वाजले की बायकोचं सुरू होतं, "मला घरी सोडा, आई वाट बघत असेल." याला सनडाउनिंग म्हणतात. आधी मी वाद घालायचो, अगं हेच घर, हा बघ आपला फोटो, त्याने ती जास्तच बिथरायची. आता तिची पर्स हातात देतो, लिफ्टने खाली नेतो, बिल्डिंगला दोन चकरा मारून परत दारात आणतो, आलं बघ तुझं घर. (आधी बेल वाजवायची, मग किल्ली लावायची, नाहीतर तिला पटत नाही.) कधी कधी एका संध्याकाळी चार वेळा.

रात्री ती तीनदा उठते म्हणजे मीपण. डॉक्टर विचारतात झोप कशी आहे, मी माझं सांगायला लागलो तर म्हणाले, तुमची नाही काका, पेशंटची. माझं हर्नियाचं ऑपरेशन दीड वर्ष लांबलंय कारण तेव्हा हिच्याजवळ कोण बसणार? ब्युरोची मावशी ठेवलेली, बारा तासांचे पैसे पेन्शनला झेपेनात, शिवाय हिने तिला चोर ठरवून हाकललं ते वेगळंच. टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर एकदा रात्री अडीचला लावला, मराठीत बोलता येतं, फुकट आहे, मी नुसता रडलो आणि त्यांनी ऐकून घेतलं. लावा, लाजू नका. पण फोनवरचं माणूस हिच्याजवळ येऊन बसणार नाही ना.

ज्येष्ठांसाठीची विरंगुळा केंद्रं आहेतच की, दुपारी चार जण पत्ते खेळतात, बाकी खुर्च्या रिकाम्या. तिथेच आठवड्यातून दोन दुपारी ट्रेनिंग घेतलेली दोन माणसं बसवा, दाराला जरा नीट कडी करा, आम्ही आमची माणसं घेऊन येतो. तीन तासांत मी काय करणार म्हणाल तर पहिल्या दिवशी घरी जाऊन झोपणार. सर्जनकडे दुसऱ्या दिवशी जाईन.

एक नवरा, मुलुंड (पूर्व)