कोनशिलेला सावली आहे, पोरांना नाही : मंत्रीसाहेबांना खुलं पत्र

माननीय मंत्रीसाहेब,

स. न. वि. वि.

नाव लिहीत नाही, खातं पण लिहीत नाही. आमच्याकडे भूमिपूजनाला एक आले होते, पाहणीला दुसरे येऊन गेले, पुढच्या खांदेपालटात तिसरे येतील, पत्र तिघांनाही चालतंय. तुमचा अमूल्य वेळ घेतो त्याबद्दल माफी असावी वगैरे वगैरे. आता मुद्द्याचं.

मागच्या आठवड्यात वार्षिक परीक्षा चालू असताना माझ्या नातीचा घोळणा फुटला. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी तालुक्यात पूर्वेकडं, माळावर आमचं गाव. गणिताचा पेपर होता, अर्धी गणितं झाली होती आणि टपटप उत्तरपत्रिकेवर रक्त. बाईंनी डोक्यावर पाणी मारून तिला लिंबाखाली झोपवलं, आणि मग तिच्यामागं अजून दोघी चक्कर येते म्हणून बाहेर आल्या. वर्ग म्हणायला वर्ग, आहे पत्र्याचं शेड. वर पत्रा, तिन्ही बाजूला पत्रा, पुढं जाळी. मोबाईल ३९ दाखवत होता, पण ते बाहेरचं, आतलं दाखवायची सोय मोबाईलला नाही. कंपासपेटी पत्र्याकडच्या बाकावर राहिली की हात लावू देत नाही ओ. मास्तर रोज अकराला गोणपाटं भिजवून पत्र्यावर टाकतात, शिडी धरायला सातवीची पोरं, आणि पाणी कुठलं म्हणाल तर पोरांच्या प्यायच्या टाकीतलं. म्हणजे डोकं गार ठेवायचं का घसा ओला करायचा, एकच काय ते निवडा.

आणि याच आवारात एक कोनशिला आहे. काळा ग्रॅनाईट, सोनेरी अक्षरं, खाली वर सगळ्यांची नावं, ‘सुसज्ज आदर्श शाळा इमारत’. तिच्यावर पावसापाण्यानं अक्षरं जाऊ नयेत म्हणून चार खांबांची सिमेंटची छत्री बांधलीय. कोनशिलेला सावली आहे साहेब, पोरांना नाही. दोन वर्षांत इमारत उभी करतो असं स्टेजवरून माईकमध्ये सांगितलं होतं, टाळ्या आम्हीच वाजवल्या, हार पण आमच्याच वर्गणीचा होता.

त्या आधी तिथं काय होतं ते सांगतो, कारण ते मला माहीत आहे, बांधणारे माझे वडील होते. मी गवंडी, वडील गवंडी, आजा पण गवंडी. दोन खोल्या, दगड-मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, वर माळवद. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (तुमच्या इंजिनिअरला पण दाखवा) : तुळया टाकायच्या, त्यावर किलचणं (लाकडाच्या चिपा), त्यावर तरवडाचा नाहीतर लिंबाचा पाला दाबून बसवायचा, मग चिखल, मग वरून पांढरी माती, आणि मधे सवणं म्हणजे छताला भोक सोडायचं म्हणजे गरम हवा वर जाते आणि उजेड खाली येतो. दरवर्षी मिरगाच्या आधी वरून नवीन पांढरीची माती टाकायला लागते, एवढंच काय ते मेंटेनन्स. ती माती टाकायचं काम आधी गाव करत होतं, मग सरकारनं इमारत आपल्या ताब्यात आहे म्हणून सांगितलं आणि कुणीच करेना. मग गळायला लागली, एका पावसाळ्यात एक कोपरा बसला, ‘धोकादायक’ म्हणून लाल रंगात लिहून गेले आणि एका सकाळी जेसीबी. चुन्याच्या सांध्याला बकेट लावून लावून ड्रायव्हर घामाघूम झाला होता, बारा वाजेपर्यंत एक भिंत पडेना. धोकादायक म्हणे.

आता म्हणाल, गवंड्या, जुनं ते सोनं करत बसू नको. नाही करत. भाचा बेळगावात डिप्लोमा सिव्हिल करतोय, त्यानं उन्हाच्या मुलखात गार राहणारी बांधकामं मोबाईलवर दाखवली तेव्हापासून मी रोज रात्री हेच बघत बसतो, झोप तशी पण लागत नाही (त्याचं कारण पुढं येईल).

राजस्थानात जैसलमेरजवळ कनोई म्हणून गाव आहे, थरचं वाळवंट, उन्हाळ्यात पारा पन्नाशीच्या आसपास. तिथं राजकुमारी रत्नावती गर्ल्स स्कूल, २०२१ च्या सुमाराला उभी राहिली, न्यूयॉर्कच्या डायना केलॉग या बाईंनी डिझाईन केली. सगळा तिथलाच पिवळा दगड, तिथल्याच कारागिरांनी हातानं घडवलेला, त्यातल्या काहींच्या पोरी त्याच शाळेत. आत चुन्याचं प्लॅस्टर, भिंतीला दगडी जाळ्या, वर सोलर पॅनलचं छत, पावसाचं पाणी साठवायची सोय, आणि एसी नाही. एक पण नाही. मला ती जरा फोटोची शाळा वाटते, अंडाकृती कशाला ते अजून कळलेलं नाही, पण पन्नाशीच्या उन्हात पोरी तिथं बसून शिकतायत, घोळणा न फुटता.

ते सोडा, ते पैसेवाल्यांच्या देणगीतलं म्हणाल. मग आफ्रिकेत चला. बुर्किना फासो, आपल्यापेक्षा गरीब देश, सहारा वरून खाली सरकतोय, पाऊस बेभरवशाचा. गान्दो नावाच्या खेड्यातला फ्रान्सिस केरे, गावात शाळाच नाही म्हणून लहानपणी घर सोडून बाहेर शिकायला जावं लागलं, पोरगा सिमेंटच्या कोंदट वर्गात उकडत बसला. तोच पुढं जर्मनीत आर्किटेक्चर शिकला, तिथं पैसे गोळा केले आणि गावात येऊन शाळा बांधली, २००१ ला पुरी झाली. गावच्या मातीत थोडं सिमेंट घालून दाबून केलेल्या विटा, दगड गावानं वाहिले, पाणी बायकांनी आणलं. आणि आता नीट ऐका, त्याच्या शाळेवर पण पत्राच आहे! पण त्यानं खाली विटांचं भोकं ठेवलेलं छत केलं, आणि पत्रा त्याच्यावर सळयांच्या कैचीवर (तिकोनी सांगाड्यावर) उचलून ठेवला, मधून वारा खेळतो, खोलीतली गरम हवा भोकांतून वर जाऊन निघून जाते. पत्रा लांब बाहेर काढलाय म्हणजे भिंतीवर पाऊस नाही, ऊन नाही. पत्रा तोच, सळई तीच, आमच्या पोरांच्या डोक्यावर आहे तीच. २००४ ला आगा खान अवॉर्ड मिळालं त्या शाळेला, आणि २०२२ ला माणसाला प्रित्झकर, जगातला सगळ्यात मोठा मान आर्किटेक्टचा, आफ्रिकेतला पहिला. आमच्या शेडला काय मिळालं, तर पूर्णत्वाचा दाखला.

इजिप्तमध्ये हसन फतही होते, लक्सरजवळ १९४० च्या दशकात नवं गुर्ना गाव मातीच्या विटांनी बांधलं. त्यांनी अस्वानकडून जुने नूबियन गवंडी शोधून आणले, जे सेंट्रिंगची एक फळी न लावता कमान आणि घुमट चढवत होते, वीट तिरकी लावत लावत. मी तो व्हिडिओ इतक्या वेळा बघितलाय की बायको म्हणते आता तिकडंच जावा. पण तिथली एक गोष्ट पण सांगतो, गाव सुंदर झालं आणि लोक राहायला आले नाहीत, कारण त्यांना जुन्या जागेवरून उठवायचं सरकारनं परस्पर ठरवलं होतं, त्यांचं पोट जुन्या जागेवर होतं. म्हणून म्हणतो, बांधताना गावाला विचारा. भूमिपूजनाच्या हाराला विचारता तसं.

आणि लांब कशाला, आमच्या शेजारी विजापूर. आदिलशाहीत बेगम तलावाचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून शहरात खेळवलं, वाटेत दाब कमी करायला ‘गंज’ म्हणून मनोरे बांधले, ते आजही उभे आहेत, लोक त्यांना टेकून मुततात. गोलघुमट १६५६ चा, आतून जवळजवळ ३८ मीटरचा व्यास, मधे एक खांब नाही. ही सगळी कला याच मातीतल्या हातांची. आणि आता त्याच मुलखात वीस बाय वीसची थंड खोली बांधता येत नाही, का तर ‘एसआर मध्ये बसत नाही’ (एसआर म्हणजे सरकारी कामाच्या दरांचं पुस्तक). हे मला इंजिनिअरनं तोंडावर सांगितलं. चुना, माती, माळवद, एस्टिमेटमध्ये आयटमच नाही म्हणे. पत्रा आहे. पत्र्याला आयटम नंबर आहे, स्क्रूला पण आहे.

आमचा भाग वाळवंट नाही असं पण ऐकवलं. कागदावर नाही, मान्य. याच जिल्ह्यात तिकडं कणकुंबीला पावसाळ्यात छत्री वाळत नाही आणि आमच्याकडं वर्षाला वीस-बावीस इंच, ते पण आलं तर. इस्रोचा २०२१ चा अॅटलास बघा, देशातली ९ कोटी ७८ लाख हेक्टर जमीन खराब झालेली किंवा व्हायच्या वाटेवर, जवळजवळ ३० टक्के, आणि कर्नाटकात तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त. कृष्णेच्या काठाला ऊस पाजून पाजून जमिनी क्षारपड झाल्या, पांढरा थर येतो वर, आणि माळाला आमचे बोअर सहाशे-सातशे फुटावर फुफाटा काढतात. मधल्या मधे २०१९ ला काठावर घरं बुडाली आणि त्याच तालुक्यात माळावर टँकर. भावाचे बोअर कोरडे गेले, तो आता कोल्हापुरात वॉचमन आहे.

आता माझी झोप. घरकुल योजनेत मी पण घर बांधलं, ऑफिसात सांगितलं आरसीसी स्लॅब, नाहीतर हप्ता नाही. मी म्हटलं माळवद टाकतो, मला येतं, खर्च निम्मा. नाही. फोटो जीपीएसवाला पाहिजे आणि फोटोत स्लॅब दिसला पाहिजे. टाकला स्लॅब, शेवटचा हप्ता अजून आला नाही, सावकाराचं व्याज मात्र महिन्याच्या महिन्याला येतंय. रात्री दोनपर्यंत तो स्लॅब आग ओततो, बायकोला बीपी, ती अंगणात बाजलं टाकून पडते, मी गच्चीवर. गुडघे सिमेंटची पोती चढवून गेले, उकडण्यानं अंगावर फोड, सरकारी दवाखान्यात पावडर लिहून देतात, ती पण बाहेरून आणा. नात विचारते, आबा तू घरं बांधतोस मग आपलं एवढं गरम कसं. काय सांगू? एसआर?

आणि तुम्ही कुठं बसता ते पण बोलतोच आता. बेळगावचं सुवर्ण विधानसौध, २०१२ ला राष्ट्रपती येऊन उद्घाटन करून गेले, चारशे कोटींच्या घरात खर्च म्हणतात, पाच-पन्नास इकडंतिकडं असतील. वर्षाला दहा-बारा दिवस अधिवेशन, ते पण डिसेंबरात, गुलाबी थंडीत. माझ्या गवंडी हिशेबानं माती-चुन्याची एक खोली दहा लाखाला धरा, चारशे कोटीत चार हजार खोल्या होतात. चुकत असेल तर तुमच्याकडं हिशेबाला माणसं आहेत. एकदा अधिवेशन एप्रिलमध्ये घ्या आमच्या शेडात, गोणपाटं भिजवायला मी येतो.

तुम्हाला तेवढं धरून पलीकडचे महाराष्ट्रवाले सोडतो असं समजू नका. १९५६ पासून दोन राज्यांच्या सीमावादात आम्ही मधे लोंबतोय. १९६७ ला महाजन आयोगाचा रिपोर्ट, २००४ ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात, ८६५ गावं मागतोय, आणि २०२२ च्या शेवटाला इकडून जत तालुक्यातल्या ४० गावांवर हक्क सांगितला तर तिकडून एक इंच देणार नाही म्हणून गर्जना. जमिनीच्या इंचाला दोन राज्यं भांडतात, त्या इंचावरच्या पोरांच्या डोक्यावर काय आहे ते बघायला एक पण येत नाही. आमच्या शेडात मधे एक पार्टिशन आहे, इकडं मराठी, तिकडं कन्नड. ऊन दोन्ही माध्यमांना सारखंच लागतंय. कानडीकडच्या एका पोराला पण त्याच दिवशी ओकाऱ्या झाल्या, त्याचा बाप आणि मी एकाच मोटारसायकलवर दवाखान्यात गेलो. बोर्डावर कुठली भाषा किती टक्के, याची पाहणी मात्र चोख होते हां, त्याला गाडी पण असते, डिझेल पण असतं.

मागणं फार नाही. नवीन इमारतीचा फंड येईल तेव्हा येईल. तोपर्यंत पुढच्या जूनच्या आत हाच पत्रा तीन फूट वर उचलायची परवानगी द्या, कैच्या मारून, खाली विटांचं भोकाचं छत आम्ही करतो, बाजूचे पत्रे काढून दगड-मातीची भिंत उचलतो. पाडलेल्या शाळेचा दगड आवारात ढिगानं पडून आहे, त्याचा लिलाव करू नका, ऐकलंय कुणाचा तरी डोळा आहे त्याच्यावर. एसडीएमसीचा (शाळेच्या कमिटीचा) ठराव झालाय, दोन्ही माध्यमांच्या पालकांच्या सह्या आहेत. मजुरी मी घेणार नाही, दुसरे चौघे गवंडी पण नाही. पांढरी माती गावची. सळई आणि सिमेंट तेवढं द्या, ते पण जमत नसेल तर ती कोनशिलेवरची छत्री पाडू द्या, त्यातली सळई काढून घेतो.

फाईल पीडीओच्या (पंचायतीच्या अधिकाऱ्याच्या) कपाटात आहे, वरून फोन आला की हलवतो म्हणालाय. तो फोन तेवढा करा.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

अथणी तालुक्यातला एक गवंडी

ता. क. : मराठीत आहे म्हणून परत पाठवू नका. कन्नड प्रत त्या ओकाऱ्या झालेल्या पोराचा बाप लिहून देतोय, उद्याच्या पोस्टानं येईल.