सूचना : दिव्यांग प्रमाणपत्राच्या अर्जांसाठी पालकांची बैठक

सर्व पालक सभासदांस कळविण्यात येते की, ज्या मुलांना स्वमग्नतेसोबत (ऑटिझम) अतिचंचलता (एडीएचडी), बौद्धिक अक्षमता किंवा फिट्स अशी एकाहून अधिक निदाने झाली आहेत, त्यांचे दिव्यांग प्रमाणपत्राचे अर्ज भरण्यासाठी येत्या रविवारी सकाळी 10 वाजता रत्नागिरीत नेहमीच्या सभागृहात बैठक होईल.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे, अतिचंचलता स्वतंत्रपणे नाही. म्हणून एकच कागद न आणता सर्व अहवाल, मुलाचे आधार कार्ड व फोटो आणावेत. 1 लाख रुपयांपर्यंतच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यासाठीही हे प्रमाणपत्र लागते.

- गोंगाट सहन न होणाऱ्या मुलांसाठी मागची खोली राखीव आहे. तेथे मोबाइल वाजू देऊ नये, मिक्सरच्या आवाजानेही कानांवर हात ठेवणारी मुले तेथे असतील.
- गुहागर, राजापूरकडील पालकांना एसटीमुळे उशीर झाल्यास चालेल.
- आजी-आजोबांना जरूर आणावे. ‘मोठा झाला की बोलेल’ हे बहुधा घरातच ऐकावे लागते.