अक्काआत्याला हलवण्याआधी

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

अक्काआत्याला पुढच्या आठवड्यात दवाखान्यातून सोडतील आणि खानापूरला न आणता बेळगावातल्याच वृद्धसेवा केंद्रात ठेवायचं, असं बाबा म्हणाले. बरोबरच आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर आपल्या पायऱ्या तिला झेपायच्या नाहीत, आणि तिला उचलणं आईच्या कमरेला.

पण तारीख पक्की करण्याआधी ऐका. इथे इंग्लंडमध्ये दवाखान्यातून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना केंद्रात दाखल करून घेणं हे माझं रोजचं काम. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये इथे कोविडसाठी खाटा मोकळ्या करायच्या म्हणून महिन्याभरात सुमारे २५,००० जणांना दवाखान्यांतून केंद्रांत धाडलं होतं. पाठवण्याआधी सगळ्यांची तपासणी करायचं ठरलं ते १५ एप्रिलला. लक्षणं नसलेल्या माणसाकडूनही लागण होते, हा धोका सरकारने नीट विचारात घेतला नाही, असा निकाल उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. आता आमच्याकडे आधी कागद येतात, मग पेशंट.

आत्याच्या लघवीत जंतू सापडले आणि भारी अँटिबायोटिक दिलं, एवढंच तुम्हाला सांगितलंय. तेवढं पुरत नाही. लघवीचा कल्चर रिपोर्ट मागून घ्या. कुठल्या औषधाला जंतू दाद देत नाही ते त्यात असतं. अँटिबायोटिक कधी सुरू केलं, कधी थांबवायचं, तेही लिहून घ्या. सोडताना देतात त्या कागदात, म्हणजे डिस्चार्ज समरीत, हे कधीकधी राहून जातं.

आणि ती लघवीची नळी! डॉक्टरांना सरळ विचारा, अजून गरज आहे का? नळी जितके दिवस आत, तितका जंतूंना रस्ता मोकळा. काढता येत असेल तर तिथेच काढून घ्या. राहिलीच, तर पिशवी कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकता लटकवायची, आणि रिकामी करायचं भांडं फक्त तिचं.

जुलाब होत असतील तर मात्र हलवायची घाई नको. अँटिबायोटिकनंतर एका जंतूचे जुलाब लागतात, त्याचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत. तिथे साबण आणि वाहतं पाणीच. बाबा, खिशातली ती बाटली तेव्हा कामाची नाही.

केंद्रवाले रिपोर्ट बघून कदाचित 'नको' म्हणतील, किंवा तिला कोपऱ्यातल्या खोलीत टाकतील. ऐकून घेऊ नका. अंगात जंतू असणं म्हणजे आजारी असणं नव्हे. ताप, खोकला, जुलाब नसतील तर ती सगळ्यांबरोबर जेवू दे, भजनाला बसू दे. काळजी घ्यायची ती आयांनी, एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुऊन. त्यासाठी शिवाशिव पाळायची गरज नाही.

रात्रीच्या आया कन्नड बोलणाऱ्या, समरी इंग्रजीत. बाबा, तुमचं कन्नड अक्षर सुरेख आहे. नळी, औषधाच्या वेळा आणि हात धुणं, एवढं मोठ्या अक्षरात लिहून तिच्या खाटेजवळ लावा. निपाणीच्या मंडळींना सांगा, सर्दी असलेल्याने भेटायला येऊ नये, मग कितीही वाईट वाटो.

कल्चर रिपोर्टचा फोटो मला पाठवा, केंद्राच्या बाईंशी मीच बोलेन. त्यांची तयारी नसेल तर आणखी दोन दिवस दवाखान्यात राहू दे तिला. बिलाचं मी बघते.

तुमची,
बेबी