पार्ट बसला म्हणजे काम झालं असं नसतं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

भावाचं धायरीला मिक्सर-पंखे रिपेअरिंगचं दुकान आहे आणि काउंटरवर बहुतेक वेळ मीच असते, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं, "ताई, मिक्सरचं कपलर द्या ना". कुठल्या मिक्सरचं विचारलं की "साधंच हो, नेहमीचं". पण कपलर म्हणजे मोटरची फिरकी भांड्यातल्या पात्याला देणारी दातेरी चकती, आणि नेहमीचं असं कपलर नसतंच. मधल्या भोकाचं माप वेगळं, दात कमी-जास्त, उंची वेगळी, आणि मोटरवरचं एक आणि भांड्याखालचं एक अशी जोडी असते ती एकमेकांत नीट बसावी लागते. दोन सूत इकडचं तिकडं झालं तरी भांडं थडथडतं, पात्याच्या दांड्याभोवतीचा बुश झिजतो, मग चटणीचं पाणी खाली मोटरमध्ये उतरतं आणि तीस-चाळीस रुपयांच्या पार्टपायी मोटर भरून घ्यायची, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून घ्यायची वेळ येते. म्हणून आम्ही सगळ्यांना सांगतो की जुनं कपलर आणि ज्या भांड्याला लावायचंय ते भांडं दोन्ही घेऊन या, लोकांना वाटतं उगाच फेऱ्या मारायला लावतात, पण खरंच दुसरा उपाय नाहीये.

पंख्याच्या कंडेन्सरचं, म्हणजे पंखा सुरू करायला आणि फिरत ठेवायला मदत करणाऱ्या छोट्या डबीचं तर विचारूच नका. घरातल्या सीलिंग फॅनला साधारण अडीच किंवा 3.15 एमएफडीचा (मायक्रोफॅरड, कंडेन्सरची क्षमता मोजायचं माप) कंडेन्सर असतो, वर 440 व्होल्ट एसी असं लिहिलेलं असतं. पंखा हळू फिरायला लागला की कंडेन्सर कमजोर झालाय असं समजून बदलतात, ते बऱ्याचदा बरोबरही असतं, पण मग कोणीतरी सांगतं मोठा टाका पंखा जोरात पळेल. पंखा थोडा जोरात फिरतोही, म्हणून माणूस खूश, आणि आत स्टार्टिंग वाइंडिंगमधून, म्हणजे कंडेन्सरला जोडलेल्या तारेच्या गुंडाळ्यातून जास्त करंट जाऊन ते तापत राहतं, उन्हाळ्यात रात्रभर चालणारा पंखा असेल तर वाइंडिंग कधी जळेल सांगता येत नाही. जितका कंपनीने दिलाय तितकाच टाकायचा. आता अडचण अशी की जुन्या कंडेन्सरवरचे आकडे उष्णतेने पुसून गेलेले असतात आणि पंख्याच्या प्लेटवर वॅट असतात, व्होल्ट असतात, पण कंडेन्सर कितीचा ते बहुतेक वेळा नसतंच. मग गिऱ्हाईकाने काय अंदाजाने घ्यायचा का? हल्लीच्या कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी पंख्यात तर तो कंडेन्सरही नाही, सगळं सर्किटवर, ते त्या मॉडेलचंच लागतं.

पण पंखा जळाला तर पंखाच जातो हो. मला जास्त काळजी कुकरची आहे. कुकरची रिंग भाजीच्या मंडईबाहेर पथारीवर मिळते, "सगळ्या कुकरला चालते" म्हणून विकतात. आतून बसणाऱ्या झाकणाची रिंग वेगळी आणि बाहेरून बसणाऱ्या झाकणाची वेगळी, तीन लिटर पाच लिटरची मापं वेगळी, काही मॉडेलना तर त्याच लिटरमध्ये दोन प्रकार असतात. ढिली रिंग असली की बाजूने वाफ जाते, शिट्टीच होत नाही, आणि बाई गॅस मोठा करून बसते, आतलं पाणी संपून जातं तरी कळत नाही. त्यात सेफ्टी वॉल्व्ह. त्या वॉल्व्हच्या आत लवकर वितळणाऱ्या धातूचा एक ठिपका असतो, पाणी आटून कुकर जास्त तापला किंवा शिट्टीखालची नळी डाळीने चोंदली की तो वितळून वाफेला वाट करून देतो, तो जीव वाचवण्यासाठीच आहे. तो एकदा उडाला की त्याच कंपनीचा त्याच मॉडेलचा नवीन टाकायचा, दुसऱ्याचा आटे जुळले म्हणून टाकायचा नाही. आमच्याकडे रिंग बदलायला आलेल्या एका कुकरला वॉल्व्हच्या जागी चक्क नट-बोल्ट आवळून टेफ्लॉन टेप गुंडाळलेली होती, आणि त्या घरात लहान मूल आहे. भावाने तो कुकर तसा परत दिलाच नाही, आधी वॉल्व्ह बसवला.

1 फेब्रुवारी 2021 पासून घरगुती कुकरला आयएसआय मार्क सक्तीचा आहे आणि बिना मार्कचे कुकर विकले म्हणून 2022 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीवाल्यांना दंडही केला, हे चांगलं झालं. कुकरच्या रबर रिंगसाठीसुद्धा आयएस 7466 हे वेगळं मानक आहे, पण पथारीवरच्या रिंगेवर ना नाव ना नंबर ना साइज. आख्खा कुकर तपासून घ्यायचा आणि वर्षभराने त्यात असली रिंग टाकायची, याला काय अर्थ आहे?

गीझरमध्येही हेच. दोन हजार वॅटची कॉइल गेली की "तीन हजारची टाकू, पटकन पाणी तापेल" असं सांगणारे आहेत, बोल्ट जुळतात त्यामुळे बसतेही. पण करंट पावणेनऊ अँपियरवरून तेरावर जातो, जुन्या बिल्डिंगमधली वायर आणि सॉकेट तेवढं झेपणारं आहे का हे कोण बघतं. पाणी फार तापलं की वीज तोडणारा कटआउट सारखा पडतो म्हणून तो काढून वायर डायरेक्ट जोडणारे तर मला गुन्हेगारच वाटतात, पाणी तापलं की कॉइल बंद करणारा थर्मोस्टॅट चिकटला तर पाणी उकळतच राहणार, मग अडवणार कोण.

आणखी एक गोष्ट, ही आपल्या पुण्या-मुंबईकडं खूप होते. घरात पाइपगॅस आला की शेगडीचे नोझल, म्हणजे गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी बदलतात, कारण पाइपगॅसचं प्रेशर साधारण 21 मिलिबार आणि सिलेंडरचं 30 च्या आसपास, शिवाय त्याच मापात पाइपगॅसमध्ये उष्णता कमी, म्हणून त्याला मोठं भोक लागतं. मग नवी शेगडी घेतली की जुनी गावाला आईकडे पाठवतात आणि तिथे ती तशीच सिलेंडरला जोडतात. पिवळी मोठी ज्योत, भांडी काळी, आणि भडका उडायची भीती वेगळीच. गावाला पाठवताना सिलेंडरचे नोझल बसवून मगच पाठवा. नळीपण केशरी सुरक्षा नळीच घ्या, आयएस 9573 छापलेलं बघून, आणि पाच वर्षांनी बदला, तारीख नळीवरच असते.

साहेब, सगळा दोष गिऱ्हाईकावर किंवा मेकॅनिकवर ढकलून चालणार नाही. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने राइट टू रिपेअर पोर्टल, म्हणजे कंपन्यांच्या रिपेअरिंगची आणि सुट्या पार्टची माहिती देणारी वेबसाइट सुरू केली त्याचं आम्हाला बरं वाटलं, पण ज्या बाईला कुकरची रिंग हवीय ती पोर्टल उघडून नंबर शोधणार नाही, तिला तो कुकरच्या बुडाला कोरलेला दिसला पाहिजे. पंख्याच्या प्लेटवर एमएफडी, मिक्सरखाली कपलरचा नंबर, गीझरवर कॉइलचे वॅट आणि कटआउट किती डिग्रीला पडतो ते, पाणी शुद्ध करायच्या आरओवर मेम्ब्रेन (गाळणारी पडदी) किती जीपीडीचं, म्हणजे दिवसाला किती गॅलनचं, आणि त्याला कुठला एफआर, म्हणजे वाया जाणारं पाणी आवरणारा पार्ट, एवढं न पुसणाऱ्या अक्षरात छापायला कंपनीला कितीसा खर्च येणार आहे. आणि सुटे पार्ट निदान दहा वर्षं मिळाले पाहिजेत, मॉडेल बंद झालं की चार वर्षांत पार्ट बंद, मग माणूस डुप्लिकेट घेणार नाही तर काय करणार, चालू मिक्सर टाकून देणार का.

तोपर्यंत वाचकांनी एवढं तरी करावं की प्रत्येक मशीनच्या मागच्या स्टिकरचा फोटो आत्ताच मोबाईलमध्ये काढून ठेवावा, स्टिकर घासून गेल्यावर आम्हीही काही वाचू शकत नाही. पार्ट घेताना जुना पार्ट सोबत आणा, बिल मागा, आयएसआय मार्कखाली सीएम/एल नंबर (कंपनीच्या लायसन्सचा नंबर) असतो तो मानक ठरवणाऱ्या बीआयएसच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, आणि कोणी खोटा माल दिला तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तुमच्या ग्राहकांच्या पानावर दर आठवड्याला एका मशीनचे पार्ट कसे ओळखायचे हे फोटोसकट छापता आलं तर फार लोकांचं काम होईल, लागतील ते जुने-नवे पार्ट फोटोसाठी आम्ही दुकानातून देऊ. सुरुवात कुकरपासून करा.

आपली,
एक वाचक, धायरी, पुणे