गोळी बंद करायला लावणारी पुरवणी

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला 'बीपीचं खरं कारण सापडलं' हा लेख वाचला. वाचला म्हणजे, आमच्या ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवला. रक्तातल्या पुटिका, म्हणजे पेशींनी सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या, बीपी चढवतात, असं त्यात म्हटलंय. वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि म्हणाले, "ऐकलंस? दोष त्या पुटिकांचा आहे. मग मी ही गोळी कशाला गिळतोय?" कालची गोळी घेतली नाही. आज सकाळी बीपी मोजलं तर 134/84. तेव्हापासून घरात विजयोत्सव चालू आहे.

ह्यांच्या गोळीचं नाव अॅम्लोडिपिन. रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायलाच 30 ते 50 तास लागतात. म्हणजे आजचा 134 हा परवाच्या गोळीचा आहे, त्याचं श्रेय कालच्या लेखाला नाही. हे मी तीनदा सांगितलं. पण मी पेपरात छापून येत नाही ना!

मी 31 वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, म्हणून थोडं बोलते. रोगप्रतिकारक पेशी बारीक पुटिका सोडतात, त्यांतून निरोप पोचवतात, ते निरोप रक्तवाहिनीच्या अस्तराला चिडवू शकतात, इथपर्यंत लेख ठीक आहे. पण 'नुकताच लागलेला शोध'? प्लेटलेटमधून निघणाऱ्या अशा कणांना 'प्लेटलेटची धूळ' हे नाव 1967 सालीच मिळालं होतं. पुटिकांमधून आरएनए, म्हणजे पेशीतल्या सूचना वाहणारा रेणू, एका पेशीतून दुसरीत जातो, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट दिसली होती. ज्या उंदरांत टी आणि बी या रोगप्रतिकारक पेशीच नव्हत्या, त्यांचं बीपी अँजिओटेन्सिन हे बीपी चढवणारं संप्रेरक देऊनही नेहमीसारखं चढेना. टी पेशी परत घातल्या तेव्हा चढलं. फार सुंदर काम आहे. पण उंदरांचं! तुमच्या लेखात 'उंदीर' हा शब्द शेवटून दुसऱ्या ओळीत येतो, आणि आमचे हे तिथवर पोचलेच नाहीत. शिवाय पुटिका वाढल्या म्हणून बीपी वाढलं, की चढलेल्या बीपीने रक्तवाहिन्या ताणल्या म्हणून पुटिका वाढल्या, हा गुंता माणसांत अजून सुटलेला नाही. लेखाने तो मथळ्यातच सोडवून टाकला.

खरा राग आला तो 'लवकरच एका थेंबात निदान' या चौकटीचा. आमच्याकडे एक संशोधक मुलगी पुटिका मोजण्यासाठी रक्ताचे नमुने न्यायला यायची. काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं न्यावं तशी ती नळी न्यायची, हलू द्यायची नाही. एकदा आमच्या शिपायाने तिचे नमुने दोन तास टेबलावर ठेवले, वर हलवून आणले. तिने सगळेच्या सगळे फेकून दिले. मला तेव्हा नखरा वाटला, बोललेही तिला. तिने शांतपणे सांगितलं, "मावशी, रक्त नुसतं पडून राहिलं तरी प्लेटलेट पुटिका सोडत बसतात. मग मी मोजू काय, पेशंटचं की नळीचं?" वर रक्तातले चरबीचे कण काही पुटिकांच्याच मापाचे आणि संख्येने कितीतरी जास्त, ते वेगळे काढता काढता तिचा दिवस जायचा. एवढ्या सोवळ्यातली ही तपासणी तुम्ही बोट टोचून साखर बघण्याच्या रांगेत नेऊन बसवलीत. धन्य आहे.

आता विषय निघालाच आहे तर लेखासोबतच्या फोटोबद्दलही. त्यातल्या गृहस्थांनी पायावर पाय टाकलाय, हात अधांतरी लोंबतोय, पट्टा शर्टाच्या बाहीवरून बांधलाय आणि ते डॉक्टरांशी हसून गप्पा मारताहेत. बीपी मोजताना जे जे करू नये, ते एका फोटोत गोळा करायलाही कौशल्य लागतं. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकायची, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीवर. नाहीतर आकडा उगीच चढतो. पुटिकांवर अर्धं पान देण्यापेक्षा हे चार ओळींत छापलं असतंत तर बरं झालं असतं. मागे तुम्ही बीपी 'मिलीलिटर'मध्ये छापलं होतं, तेव्हाही मी लिहिलं होतं. उत्तराची वाट अजून बघते आहे.

तरी विनंती एवढीच, की गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत, असा खुलासा ठळक अक्षरांत छापावा. आतल्या पानावर, कोपऱ्यात नको. आमचे हे म्हणाले आहेत, "पेपरात आलं तर घेईन." त्यांची गोळ्यांची पट्टी मी तुमच्या पुरवणीवरच ठेवली आहे.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन

ता. क. पत्र कापायचंच असेल तर फोटोचा परिच्छेद कापू नये.