ध्रुवीय पठाराचे नाव आणि नकाशा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील अंटार्क्टिकाच्या नकाशात दक्षिण ध्रुवाभोवतीच्या हिमाच्छादित उंच प्रदेशाला ‘राजा सातवा हाकोन पठार’ एवढेच नाव दिले आहे. हे नाव खोटे नाही, मात्र अपुरे आहे. १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोहोचल्यावर रोआल्ड आमुंडसेन यांनी नॉर्वेच्या आपल्या राजाचे नाव या पठाराला दिले खरे. परंतु त्याआधी, जानेवारी १९०९ मध्ये, अर्नेस्ट शॅकलटन यांनी स्वतःच्या नोंदीप्रमाणे ८८ अंश २३ मिनिटे दक्षिण अक्षांशावर ब्रिटिश निशाण रोवून हेच पठार सातव्या एडवर्डच्या नावे केले होते. वर चढताना लागलेल्या हिमनद्यांना मात्र दोघांनीही आपापल्या आश्रयदात्यांची, बिअर्डमोर आणि आक्सेल हाइबर्ग यांची, नावे दिली. (वाटेवर धनिक, माथ्यावर राजा!) १९५९ च्या अंटार्क्टिका कराराने या खंडावरील प्रादेशिक दावे जैसे थे ठेवले असताना नकाशात एकाच राजाचे नाव का असावे, हे कळत नाही. ‘ध्रुवीय पठार’ किंवा ‘अंटार्क्टिक पठार’ हे रूढ नाव ठळक छापून दोन्ही राजांची नावे कंसात दिली असती, तर इतिहासही राहिला असता.

नकाशातील तपकिरी रंगाबद्दलही लिहिणे भाग आहे. पठार म्हटले की आपल्यापुढे खडक येतो. इथे मात्र ध्रुवावरची सुमारे २८३५ मीटर उंची जवळजवळ सगळी बर्फाचीच असून त्याखालचा खडक समुद्रसपाटीच्या आसपास आहे. पठाराचा सर्वांत उंच भाग, डोम आर्गस, ४००० मीटरहून उंच आहे आणि त्याखाली गाम्बुर्त्सेव ही अख्खी पर्वतरांग कोणाच्याही नजरेला न पडता गाडलेली आहे.

शिवाय हा बर्फ स्थिर नाही. ध्रुवाजवळ तो वर्षाला सुमारे दहा मीटर सरकतो, त्यामुळे तिथल्या स्थानकावरील मंडळींना दर १ जानेवारीला ध्रुवबिंदूची खूण नव्याने रोवावी लागते. आमुंडसेन यांनी मागे ठेवलेला तंबूही या हिशेबाने एक किलोमीटरहून अधिक सरकून बर्फाखाली खोल गेला असणार. आपल्या नकाशात त्या तंबूचे चित्र नेमके ध्रुवबिंदूवर काढले आहे. नाव आणि रंगाबरोबर तेवढे चित्रही पुढील अंकात दुरुस्त करावे, ही विनंती.

आपला,
भूगोलाचा एक निवृत्त शिक्षक