पेशी गोठवण्याची सोय गडचिरोलीत हवी

संपादक महोदय,

गडचिरोली-चंद्रपूर भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत; त्यांच्या रक्तातील रोगप्रतिकारक पेशी संशोधनासाठी जपण्याची सोय जिल्ह्यातच व्हावी, अशी कळकळीची विनंती आहे. या पेशी रक्त काढल्यानंतर काही तासांतच वेगळ्या करणे इष्ट असते आणि भामरागडचा नमुना, त्यातही मे महिन्याच्या उन्हात, नागपूरला पोहोचेपर्यंत तो मोलाचा वेळ निघून जातो.

वेगळ्या केलेल्या पेशी डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारे रसायन) मिसळलेल्या द्रवात घालून मिनिटाला साधारण १ अंश अशा संथ गतीने थंड करतात, कारण घाईने गोठवल्यास आत बर्फाचे स्फटिक होऊन पेशी मरतात; पुढे उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत त्या वर्षानुवर्षे टिकतात. हा नायट्रोजन आपल्याकडे नवा नाही. गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवलेल्या असतात. जनावरांसाठी जे खेड्यापर्यंत पोहोचले, ते माणसांसाठी निदान जिल्ह्याच्या ठिकाणी मिळायलाच हवे.

मात्र रक्त देणाऱ्याला त्याच्या पेशींचे पुढे काय होणार, हे माडिया-गोंडीतून नीट समजावून, त्याची संमती घेऊनच हे काम व्हावे.

– एक वाचक, आरमोरी (जि. गडचिरोली)